इलारियाची चौघं

आमच्या चुकिपाता गावात कुणाकडे काय नवं आलंय हे जाणून घ्यायला दारोदार हिंडायची गरज नव्हती. इलारिया कोंदोला विचारलं की काम भागायचं. कुणाची यामा व्याली, कुणाच्या सुनेने सणाला नवा घागरा नेसला, कुणाच्या छपरावर पेंढा जाऊन पत्रा आला, सगळं तिला तोंडपाठ. पाठ असायचं कारण एकच, यातली प्रत्येक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपलेली असायची. बाकीचे लोकही जळतात, पण वरून गोड बोलतात. इलारियाला तेवढी लबाडी साधली नाही. शेजारणीचे बटाटे मोठे निघाले तर ती तोंडावर विचारायची, "तुझे एवढे कसे गं? बांध तर एकच आहे." मग दोन दिवस तिच्या हातचं किनोआचं सार खारट व्हायचं. तिचा नवरा सेवेरो ते मुकाट्याने प्यायचा. भला माणूस होता.

पण बटाटे आणि पत्रे हे वरवरचं. तिचं खरं दुखणं भिंतीपलीकडे राहायचं. छातीइतक्या उंच दगडमातीच्या भिंतीच्या अलीकडे इलारिया आणि सेवेरो, पलीकडे सेवेरोचा धाकटा भाऊ फर्मिन आणि त्याची बायको कासिल्दा. कासिल्दा लग्न होऊन आली तेव्हा इलारियाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. पुढच्या नऊ वर्षांत कासिल्दाला चार मुलं झाली. इलारियाला एकही नाही.

पहिला मुलगा झाला त्या आठवड्यापासून गाव कासिल्दाला 'रुफिनोची आई' म्हणू लागलं. इलारिया इलारियाच राहिली. सणासुदीला चौकात बायका बसत तेव्हा लेकुरवाळ्या चर्चच्या भिंतीला पाठ टेकून उन्हात, आणि पोरी, नव्या सुना समोर वाऱ्यात. चाळिशीकडे झुकलेली इलारिया त्या पोरींत बसायची. तिला तिथे बस असं कुणी म्हटलं नव्हतं. पण भिंतीकडच्या कुणी कधी सरकून जागाही दिली नव्हती. वाऱ्यात बसून ती कासिल्दाच्या मांडीवरच्या पोराकडे बघायची, आणि तिचा जळफळाट व्हायचा. पोरावर नव्हे, त्या मांडीवर.

एकही नाही, हा गावाचा हिशेब. इलारियाचा वेगळा होता. तिला तीनदा दिवस गेले होते. पहिल्यांदा अडीच महिने टिकलं, दुसऱ्यांदा दोन, आणि तिसऱ्यांदा तीन महिन्यांना चार दिवस कमी. तिन्ही वेळा गावची सुईण पेत्रोना आली, जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणत, तिने कापडाकडे पाहिलं, हात धुतले आणि तेच एक वाक्य बोलली. रक्त होतं, बाई.

पेत्रोनाचं शास्त्र असं होतं, आणि गाव ते मानत होतं. तीन महिन्यांच्या आत जे असतं ते रक्त. त्यानंतर त्यात जीव येऊन बसतो आणि ते माणूस होतं. रक्ताला नाव लागत नाही, पाणी लागत नाही, दफनभूमीत जागा लागत नाही. माणसाला तिन्ही लागतं. आणि माणसाला तिन्ही न देता कुणी गुपचूप कुठे पुरून टाकलं, तर ते मातीखाली रडतं, आणि ते रडणं गारा होऊन शेतांवर पडतं. नाव द्यायचं तेही चारचौघांत मोठ्याने. मनातल्या मनात दिलेलं नाव आभाळाला ऐकू जात नाही.

तिसऱ्या वेळी इलारियाने विचारलं होतं, "चार दिवसच कमी होते, दोन्या पेत्रोना. चार दिवसांनी असं काय झालं असतं?"

पेत्रोना म्हणाली, "बाई गं, गेलेल्या सगळ्यांसाठी रडत बसले, तर जिवंत पोरं बाहेर कोण काढणार?" तिचं चूक नव्हतं. त्या दिवशी तिला अजून एका घरी जायचं होतं. ते घर कासिल्दाचं होतं.

इलारियाने तिघांना मेंढवाड्याच्या भिंतीखाली एका रांगेत पुरलं आणि मनातल्या मनात नावं दिली. बार्तोला, एलिओदोरो, सांतूसा. मुलगा की मुलगी हे तिला कसं कळलं, विचारू नये. तिला कळलं होतं. आणि मग एक गोष्ट सुरू झाली, जी तिने सेवेरोलाही कधी सांगितली नाही. गावावर गारा आल्या की सगळे छाती बडवत, आणि इलारियाच्या मनात एक चोरटी आशा यायची. माझी असतील. माझी असतील तर ती रक्त नव्हती. स्वतःच्या शेतातले बटाटे झोडपले जात असताना ती दारात उभी राहून कान देऊन ऐकायची. पण त्या वर्षांत गारा पडल्या त्या थोड्याच, वाटाण्याएवढ्या, आणि गाव दोन दिवसांत विसरून जायचं.

त्या वर्षी डिसेंबरात फर्मिन खाली गरम मुलखात ऊसतोडीला गेला होता, सेवेरो ओझ्याच्या यामा हाकत मिठागराकडे. दुपारी कासिल्दा भिंतीपाशी आली. तिचं चौथं पोर, दीड वर्षाचं, पाठीवर बांधलेल्या आवायोच्या कापडात झोपलं होतं. तिने इलारियाला आत यायला सांगितलं, दार लावलं, आणि सरळ सांगून टाकलं की पुन्हा राहिलंय, दोन महिने झालेत, आणि तिला ते नकोय.

मागच्या बाळंतपणात कासिल्दाचं रक्त दोन दिवस थांबलं नव्हतं. पेत्रोनाने तेव्हाच बजावलं होतं की पुढच्या वेळी मी वाचवू शकणार नाही. हे इलारियाला ठाऊक होतं. ते दोन दिवस चारही पोरांना तिनेच जेवू घातलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दोन दिवस होते. तरीही 'नकोय' हा शब्द ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं ती जे मागत होती, नवस बोलत होती, ज्यासाठी काय काय कडू पीत होती, ते हिच्याकडे न बोलावता येतं, आणि ही दार उघडत नाही.

"मला दे," इलारिया म्हणाली. "जन्माला घाल आणि मला दे. भिंतीवरून दे. मी काही विचारणार नाही."

"द्यायला मी जिवंत राहायला हवी ना, जाऊबाई."

"राहशील. तू दर वेळी राहतेस."

कासिल्दाने तिच्याकडे बघितलं. "तुझं मन मला कळतं. पण माझी चार आहेत. त्यांना आई कोण? तू? तुला आवडेल ते."

हे इलारियाला लागलं, कारण ते खरं होतं. कासिल्दाच्या मरणाचा विचार तिच्या मनाला शिवून गेला होता, आणि त्यात तिला चार पोरं दिसली होती, धुतलेल्या तोंडांची. तिने मान खाली घातली आणि विचारलं, मग मला कशाला बोलावलंस. कासिल्दा म्हणाली, पेत्रोना औषध देऊन गेलीय, पण ती थांबणार नाही, तिला कुणाच्या नजरेत यायचं नाही. कुणीतरी जवळ हवं. तुझ्याशिवाय कोण आहे मला?

इलारिया थांबली. माया दाटून आली म्हणून नव्हे. तिला बघायचं होतं. जे तिचं तीनदा गेलं ते दुसरीचं जाताना कसं जातं, कासिल्दा रडते का, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. कासिल्दा रडली नाही. ओठ चावून पडून राहिली, मध्येच उठून पोराला पाजलं, आणि ऊन उतरायच्या आत सगळं झालं. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "घेऊन जा. मला दाखवू नकोस. कुठे ते सांगूही नकोस."

इलारिया कापडाचं बोचकं घेऊन आपल्या मेंढवाड्यात आली. तिथे तिने ते उघडून नीट पाहिलं. रक्त होतं. घेवड्याच्या दाण्याएवढी एक गाठ, आणि रक्त. डोळे नाहीत, नाक नाही, बोटं नाहीत. अगदी तिच्या तिघांसारखं. तिने बोचकं बांधलं आणि सांतूसाच्या शेजारी पुरलं. नाव दिलं नाही. त्याच्या आईने द्यावं, असं मनात म्हणाली आणि तोंड कडू झाल्यासारखी थुंकली.

जानेवारीत बटाट्यांना जांभळी फुलं आली. मुखिया ताता आनाक्लेतो म्हणत होता की असा बहर दहा वर्षांत बघितला नाही. एका मंगळवारी दुपारी पश्चिमेचं आभाळ हिरवट झालं, लोक हातातली कामं टाकून शेतांकडे धावले, कुणी फटाके उडवले, कुणी टोप्या हलवून ढगाला वळ म्हणाले. ढग वळला नाही. कोंबडीच्या अंड्याएवढ्या गारा पाव तास पडत होत्या. पाव तासाने चुकिपातात एक फूल उरलं नव्हतं, देठ नव्हता, आणि अकरा मेंढ्या मेल्या होत्या. कासिल्दाच्या शेतातही नाही, इलारियाच्याही नाही, सगळीकडे नुसता हिरवा चिखल.

इलारिया दारात उभी होती. गावावर आभाळ कोसळलं होतं, आणि या बाईच्या मनात आलं काय? कासिल्दाच्या एकट्याने एवढं आणलं. माझ्या तिघांना कधी जमलं नाही. पोटात असं दुखलं की ती उंबऱ्यावर बसली. आपण कशावर जळतोय हे तिचं तिला कळलं, लाज वाटली, तरी जळणं काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी निघाली. आमच्याकडे अशा गारांनंतर मुखियाची बायको आणि दोन वयस्क बायका घरोघर जातात, आणि प्रत्येक बाईच्या छातीला दूध आहे का बघतात. ज्या बाईच्या अंगावर पिणारं पोर नाही आणि दूध मात्र आहे, तिने काहीतरी लपवलंय. लवकर पडलेल्या पोटाला कुठलं आलंय दूध, हे तिघीही चार-चार लेकरांच्या आया असून कुणाच्या डोक्यात आलं नाही. पद्धत होती म्हणून त्या निघाल्या. पोरींना तपासलं, विधवांना तपासलं, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईलाही सोडलं नाही, ती संतापून लालपिवळी झाली तरी. कासिल्दाकडे त्या दारातूनच वळल्या, कारण पोर अंगावर पीत होतं. दूध असणारच.

मग इलारियाच्या दारापुढून गेल्या. नुसत्याच गेल्या. इलारिया शालीची गाठ सोडून आत उभी होती. दुसरी बाई थांबू लागली तर मुखियाची बायको तिचा हात ओढत म्हणाली, "चल, इथे काय बघायचंय."

तिने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं, आणि त्यानेच ते जास्त झोंबलं. सगळ्या गावातल्या बायकांवर संशय घेतला, चौदा वर्षांच्या पोरींवर घेतला, हिच्यावर संशय घ्यायचीही कुणाला गरज वाटली नाही. इलारियाने गाठ पुन्हा बांधली. आता मी दाखवते, असं ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला घरात मेंढीच होती.

तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा ताता आनाक्लेतोने सांगितलं की शुक्रवारी सकाळी चर्चच्या उंबऱ्यावर मीठ घालू. प्रत्येक घरच्या बाईने मिठावर उभं राहून सांगायचं की माझ्याकडून कुणी निनावी पुरलं गेलेलं नाही. मिठावर खोटं बोललं की घरातली जिवंत पोरं वाळून जातात. आणि जी कबूल होईल तिला गाव सोडावं लागेल, तिच्या घराने कसलेली जमीन गावाकडे परत येईल. मागे एका कुटुंबावर अशी वेळ आली होती. ते कुठे गेलं कुणालाच माहीत नाही.

गुरुवारी कासिल्दा भिंतीपाशी आली. चेहरा उतरून राखेसारखा झाला होता. म्हणाली, जाऊबाई, चार पोरं घेऊन मी कुठे जाऊ? आणि खोटं बोलले तर त्यांचं काय होईल?  मग जे बोलायला नको तेच ती बोलली. "ते रक्त होतं गं. दोन महिन्यांचं. तुझ्या त्या तिन्हींसारखंच."

इलारिया म्हणाली, "माझी रक्त नव्हती," आणि घरात निघून गेली. उद्या तोंड उघडायचं, हे तिने त्या क्षणी ठरवलं.

शुक्रवारी सगळं गाव चौकात जमलं, आणि मिठाआधी वादच पेटला. पेत्रोनाने उभं राहून सांगितलं की तीन महिन्यांच्या आतल्याचं विचारू नका, ते रक्त, रक्ताने गारा येत नाहीत. चर्चचा उपदेशक सेनोन म्हणाला, शहरात पाद्रीबाबांनी आम्हाला शिकवलंय की पहिल्या क्षणापासून आत्मा असतो, एक दिवसाचा असला तरी माणूसच. पेत्रोनाने विचारलं, पाद्रीबाबांनी आजवर किती बाळंतपणं केली? लोक हसले. नर्सबाई अजून रागात होती. ती म्हणाली की दोन महिन्यांचं असतं ते दाण्याएवढं, त्याला ना दुखतं ना कळतं, आणि ज्या बाईच्या पोटात आहे तिला सोडून तुम्ही ढगाला काय विचारताय? एक म्हातारा म्हणाला, बाई बरोबर बोलते, पण मग गारा पाठवल्या कोणी? नर्सबाईने हवेचं काहीतरी सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही.

ताता आनाक्लेतोने काठी आपटली. "दोन्या पेत्रोना, तू महिने मोजतेस. गारांना महिने मोजता येतात का?" पेत्रोना खाली बसली. "मग आपणही मोजायचे नाहीत. पुरलं की नाही, एवढंच सांगायचं."

म्हणजे 'रक्त होतं' ही पळवाट बंद झाली. कासिल्दा पोराला छातीशी धरून भिंतीला टेकली. मोठ्या घरापासून रांग सुरू झाली. सेवेरो थोरला, म्हणून इलारिया आधी, आणि तिच्या लगेच मागे कासिल्दा.

इलारिया मिठावर उभी राहिली. बोट दाखवायचं होतं, बस. मग तिला पुढचं दिसलं. कासिल्दाला हाकलतील, खरं. पण त्याआधी तिला मेंढवाड्यात नेतील, बोचकं तिच्या हातात देतील, सेनोन पाणी शिंपडेल, आणि कासिल्दा सगळ्या गावासमोर मोठ्याने नाव घेईल. रांगेतलं ते चौथं कासिल्दाचं होईल. शिक्षा होऊन, गाव सुटून, वाटेला लागूनसुद्धा कासिल्दाचीच पाच होणार. आणि इलारियाची? 'इथे काय बघायचंय.'

नको म्हणाली होती ती. नको म्हटलेलं तिचं कसं?

"मी पुरलीत," इलारिया म्हणाली. "मेंढवाड्याच्या भिंतीखाली. चार."

 मुखियाची बायको पुटपुटली, चार? सेवेरो मागे उभा होता. त्याला तीन माहीत होती, आणि तीही रक्त म्हणून. चौथ्या वेळी तो मिठागरावर होता. त्याने बायकोकडे पाहिलं, मग आपल्या धाकट्या भावजयीच्या राखेसारख्या चेहऱ्याकडे, आणि डोक्यावरची टोपी काढली. "होय," तो म्हणाला. "आमची चार." पेत्रोनाला सगळं कळलं होतं, पण तिने जमिनीकडे बघत तोंड शिवून घेतलं. तिचंही त्यात अडकलं होतं.

ताता आनाक्लेतोने नावं विचारली. इलारिया खणखणीत आवाजात म्हणाली, "बार्तोला. एलिओदोरो. सांतूसा." चौथ्यापाशी ती वळली आणि कासिल्दाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "फोर्तुनाता." त्या क्षणी तिला इतकं बरं वाटलं की मिठावर उभं राहूनही भीती वाटली नाही. वाळून जायला तिच्या घरात जिवंत पोर नव्हतंच.

तिला हाकलायचं की नाही यावर पंच तासभर बोलले. शेवटी वयस्कर बायकाच मध्ये पडल्या. म्हणाल्या, हिने टाकली नाहीत, हिची गेली, आणि सुईणीनेच रक्त म्हणून सांगितलं, मग दोष कुणाचा? मुखियाने घागऱ्यावरून तीन फटके दिले, मानाचे, न लागणारे. मग सगळं गाव मेंढवाड्यात आलं. बोचकी उघडायची नसतात, ती तशीच आवायोत बांधून इलारियाच्या पाठीवर दिली. तिने ती चारही दफनभूमीपर्यंत वाहून नेली, लेकुरवाळी चालते तशी, किंचित पुढे वाकून. सेनोनने पाणी आणि मीठ घातलं. चार छोटे क्रूस उभे राहिले, चौघांवर कोंदोचं नाव. त्या वर्षी पुन्हा गारा पडल्या नाहीत, आणि बार्ली तरी हाती आली. लोकांच्या मते प्रकरण तिथेच मिटलं.

पुढच्या सणाला भिंतीकडच्या बायका सरकल्या. इलारिया उन्हात बसली. कुणीतरी तिला 'बार्तोलाची आई' म्हटलं, आणि ती हाक ऐकूच आली नाही असं दाखवून तिने ती दुसऱ्यांदा मारायला लावली. तिला आता कुणाच्या पत्र्यावर, घागऱ्यावर जळायला फारशी सवड नसे. दर रविवारी क्रूसांशी जायचं असे. कासिल्दा तिला रस्त्यात दिसली की मान खाली घाले. पहिले काही महिने ती कृतज्ञ होती. चीज आणून द्यायची, पोरांकडून पाणी भरून द्यायची. मग हळूहळू ती दफनभूमीच्या बाहेर दिसू लागली, कुंपणापाशी उभी, आत न येता.

नोव्हेंबरात मृतांचा सण आला. दफनभूमीत येऊन तीन वर्षं न झालेले मृत म्हणजे नवे आत्मे, त्यांच्यासाठी मोठं टेबल मांडायचं असतं. इलारियाने दोन दिवस भट्टीपुढे बसून बाहुल्यांच्या आकाराचे चार पाव भाजले, प्रत्येकाला रंगवलेलं तोंड लावलं. पाहुण्यांसाठी साधे गोल पाव वेगळे. घरी एवढी माणसं तिच्या आयुष्यात कधी आली नव्हती. येणारा टेबलापुढे प्रार्थना म्हणायचा, नावं घ्यायचा, आणि इलारिया त्याच्या झोळीत गोल पाव घालायची.

उन्हं कलायच्या सुमाराला गर्दी ओसरली तेव्हा कासिल्दा आली. पोरांना घेऊन आली नव्हती, एकटीच होती. प्रार्थना तिला म्हणता येईना. ती चौथ्या बाहुलीकडे बघत राहिली. इलारियाला ती नजर ओळखीची होती. पंधरा वर्षं ती स्वतः तशीच बघत आली होती, वाऱ्यात बसून, दुसरीच्या मांडीकडे.

"मी वळून पाहिलं नव्हतं," कासिल्दा म्हणाली. "तू पाहिलंस ना? मला फक्त सांग, काय होतं ते. रक्तच होतं ना?"

इलारियाने 'हो' एवढा एकच शब्द बोलायचा होता, आणि तो खरा होता. त्या एका शब्दाने कासिल्दा घरी गेली असती, पोरांना जेवू घातलं असतं आणि शांत झोपली असती. फक्त त्या शब्दाने टेबलावरच्या चौघांचाही नुसता पाव झाला असता.

"नाही," इलारिया म्हणाली. "मुलगी होती. देखणी होती. नाक माझ्यासारखं."

कासिल्दा जमिनीवर बसली. बराच वेळ ती उठली नाही. मग इलारियाने टोपलीतून एक गोल पाव उचलला आणि इतर पाहुण्यांना देतात तसा तिच्या ओंजळीत ठेवला.